मदत हवी आहे: समुद्रपक्षी पाहण्यासाठी होडीतून जाण्याची तयारी

नोव्हेंबरच्या अखेरीस गोव्यातील मालीम जेटीवरून समुद्रपक्षी पाहण्यासाठी खोल समुद्रात जाणाऱ्या एका गटात सामील व्हावे, असा विचार आहे. मोरजीच्या वाळूवरचे कुरव (गल) आणि सुरय (टर्न) हे पक्षी मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. परंतु स्कुआ, शिअरवॉटर यांसारखे, विणीचा काळ सोडल्यास जमिनीकडे सहसा न फिरकणारे पक्षी पाहायचे, तर किनारा सोडण्यावाचून गत्यंतर नाही. माझा जलप्रवास मात्र पणजी-बेती फेरीबोटीपुरताच (त्याला प्रवास म्हणायचे असेल तर).

बोट लागू नये म्हणून गोळी निघण्यापूर्वी किती वेळ आधी घ्यावी? माझ्याजवळ १०×४२ ची (दहापट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण आहे. हलत्या होडीवर ८× ची अधिक स्थिर राहते, हे ठाऊक आहे, परंतु एका सफरीसाठी नवी घ्यावी का, याविषयी अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.