दातांच्या तारा म्हणजे चोचले? एका पोस्टला लांबलचक उत्तर

गोदाकाठ: परवा 'जुना खोंड' यांनी लिहिलं, "आमच्या पिढीचे दात वाकडेच होते, कुणाचं काही अडलं नाही. हल्लीचे आईबाप 60 हजार घालून पोरांना तारा लावतात आणि दोन वर्षं दवाखान्याच्या वाऱ्या करतात. निव्वळ चोचले." सोडून देणार होते, राहवलं नाही.

खोंडसाहेब, माझ्या मुलीचा वरचा सुळा हिरडीच्या आत आडवा अडकला होता. ओपीजीत, म्हणजे सगळ्या जबड्याच्या एक्स-रेत, दिसलं की त्याचं टोक शेजारच्या दाताच्या मुळाला भिडलंय. तसंच ठेवलं असतं तर मूळ झिजून चांगला दात गेला असता. मग हिरडी उघडून सुळ्याला बटण चिकटवलं, साखळी बांधली आणि महिनोन्‌महिने तो इंचाइंचाने नव्हे, केसाकेसाने खाली ओढला. हे चोचले?

खर्चाचं म्हणाल तर आकडा सांगितला 45 हजार. त्यात एक्स-रे धरले नव्हते, हिरडीचं ऑपरेशन नव्हतं, शेवटचा रिटेनरही नव्हता (तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवतो तो). चिक्की खाऊन ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायची दातावरची चकती, निघालं की ते चिकटवायचे पैसे वेगळे. विम्यावाले म्हणतात, अपघात झाला असेल तरच दात. आणि दर महिन्याला माझी अर्धी रजा, कारण डॉक्टर संध्याकाळी पाचनंतर देतात ती वेळ नेमकी क्लासची.

जुना खोंड: ताई, तुमची केस खरी. पण अशा किती? आमच्या सोसायटीत दुसरीतल्या पोराच्या तोंडात तारा आहेत, अजून दुधाच्या दाढा पडायच्यात! शाळेत शिबिर भरतं, पोरगं चिठ्ठी घेऊन घरी येतं, आई घाबरते. झालं गिऱ्हाईक. त्यावर आता तारांऐवजी दातांवर चढवायचे ते पारदर्शक ट्रे निघालेत, लाखाच्या वर, हप्त्याने. मी चोचले म्हणालो ते ह्यांना.

ष्टेथो: मी ह्याच धंद्यातली, दात सरळ करण्यातली एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी). शिव्या खायच्या तयारीने लिहिते.

सातव्या वर्षी एकदा दाखवा असं आम्ही सांगतो, त्याचा अर्थ सातव्या वर्षी तारा लावा असा होत नाही. वरचे दात पुढे असतील तर लहानपणी एकदा आणि मोठेपणी पुन्हा असे दोन टप्पे करा किंवा बारा-तेराव्या वर्षी एकदाच करा, शेवटी दात जवळपास तसेच बसतात. जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात हेच आलं. लवकर केल्याचा फायदा एकच दिसला, पडून-आपटून पुढचे दात मोडण्याचं प्रमाण घटतं. उलट टाळू अरुंद असेल, वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसत असतील, तर थांबू नये. टाळूच्या मधला सांधा वयात येता येता जुळत जातो, मग टाळूला बसवायच्या साध्या स्क्रूच्या पट्टीने तो रुंदावत नाही.

आणि 'डॉक्टर मुद्दाम लांबवतात' हे ऐकून कान किटलेत. दात सरकतो म्हणजे एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं. वेग साधारण महिन्याला एक मिलिमीटर. जोर वाढवला तर मुळंच झिजतात.

सोलापुरी कडक: मूळ दुखण्यावर कुणी बोलणार नाही! पोरं चावतच नाहीत. पाव, नूडल्स, बिस्किट चहात बुडवून. जबडा वाढणार कुठून? आमच्याकडे कडक भाकरी, शेंगा, ऊस दाताने सोलायचा. अख्ख्या वर्गात एकाच्याही तोंडात तार नव्हती.

दाढदुखी: वर्गात तार नव्हती कारण तालुक्यात ती लावणारा नव्हता! माझी आजी जन्मभर ज्वारीची भाकरी खात होती. लग्नाच्या फोटोत ओठ मिटत नाहीयेत तिचे. आणि ताजी भाकरी मऊ असते हो, तिने कसला जबडा वाढतोय?

सोलापुरी कडक: मऊ भाकरी पुण्यात. आमची महिना टिकते, आमटीत चुरून खायची.

दाढदुखी: आमटीत चुरली की मऊच झाली ना काका 🙏

ष्टेथो: काका पूर्ण चूक नाहीत, हे लिहिताना जिवावर येतंय. चंदीगडच्या आसपास खेड्यातल्या आणि शहरातल्या तरुण मुलांची तुलना झाली होती, कोरुचिनी नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने केलेली. मऊ खाणाऱ्या शहरी मुलांचे दात जास्त वेडेवाकडे निघाले. पण अनुवंशिकता आहे, अंगठा चोखणं आहे, नाक बंद म्हणून तोंडाने श्वास घेणं आहे. आणि बाराव्या वर्षी अडकलेला सुळा भाकरीने खाली येत नाही.

सोलापुरी कडक: म्हणजे मी बरोबर. धन्यवाद डॉक्टरीणबाई.

गोदाकाठ: आणि ही भाकरी रोज थापणार कोण? रजा मी काढायची, भाकरीही मीच? वेटिंग रूममध्ये बाप किती दिसतात, कधी मोजलंत?

सोलापुरी कडक: भाकरी मी थापतो. सौ. नर्स आहेत, ड्युटी फिरती. परातीसकट फोटो टाकू?

गोदाकाठ: टाका. तोपर्यंत एका बापाचा अपवाद नोंदवला.

जुना खोंड: धागा दातांचा होता ना?

हॅनोव्हरकर: इथे जर्मनीत दोष किती गंभीर ते पाच पायऱ्यांवर मोजतात. तिसरी किंवा वरची आली आणि मूल अठराच्या आतलं असलं की सरकारी विमा पैसे देतो. सुरुवातीला 20 टक्के आपण भरायचे, उपचार नीट पूर्ण झाले की परत मिळतात. अर्ध्यात सोडले तर नाही. भारतातही हे सहज...

लोकलकर: झालं, आले. साहेब, मुंबईतही स्वस्तात होतं, नायर डेंटलला, फोर्टच्या सरकारी दंत महाविद्यालयात. पोराला मी तिथेच नेतो. पैसे खासगीच्या मानाने काहीच नाहीत, काम उत्तम. पण मी दुकानात कामाला, खाडा झाला की पगार कापतात. बदलापूरहून सकाळी निघायचं, रांग, घरी यायला दुपार. पोराची शाळा बुडते ती वेगळी. करणारे शिकाऊ डॉक्टर, त्यांचा कोर्स तीन वर्षांचा. आमची केस मध्येच दुसऱ्या डॉक्टरकडे गेली, नव्या मॅडमनी फाइल पहिल्यापासून वाचली. तक्रार नाही, त्यांनीही जीव लावून केलं. पण 'चोचले' म्हणणाऱ्याने एकदा आठ पंचवीसच्या गाडीत पोराला घेऊन चढून दाखवावं.

जुना खोंड: लोकलकर, तुम्हाला उद्देशून नव्हतं ते.

लोकलकर: सगळ्यांनाच उद्देशून होतं. वर लिहिलंय.

जुना खोंड: बरं. अडकलेला सुळा, अरुंद टाळू आणि हे लोकलकर, एवढ्यांना वगळतो. ट्रेवाल्यांवर ठाम आहे.

गोदाकाठ: केवढे उपकार. डॉक्टर, एक विचारू? मुलीच्या तारा निघाल्या, रिटेनर दिला. सहलीत जेवताना टिशूत गुंडाळून ठेवला आणि ताटाबरोबर कचऱ्यात गेला. पुढच्या महिन्यात वेळ मिळतेय. चालेल?

ष्टेथो: नाही चालणार. तारा नुकत्याच निघाल्यात, दात काही दिवसांतच मागे फिरायला लागतील. ह्याच आठवड्यात जा, नवं माप द्यावं लागेल.

गोदाकाठ: म्हणजे पुन्हा अर्धी रजा. आणि नव्याचे पैसे?

ष्टेथो: लागतात.