इंग्लंड: गव्हाच्या धसकटांत मेटल डिटेक्टर नीट वाजत नाही

सफोककर: शेतात जुनी नाणी शोधतोय, शेतमालकाची लेखी परवानगी आहे. गहू निघालाय, धसकटं वीतभर उंच. कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती) ११ इंची. डिस्क्रिमिनेशन (लोखंडासारखे नको ते धातू गाळायची सेटिंग) वाढवलं की मशीन गप्प, कमी केलं की खिळ्यांचा गोंगाट. काही सिग्नल एकाच बाजूने येतात. काय बदलू? आणि एका जागी दोन-तीन नाणी निघाली तर पुढे खणायचं का?

कॉइलवाला: धसकटांवर कॉइल टेकली की तेवढी खोली वाया. हातोड्याने पाडलेली चांदीची पेनी अगदी पातळ असते, ती तिथेच हुकते. नांगरून, कुळवून, रोलर फिरवल्यावरची जमीन सर्वांत चांगली. ताज्या नांगरटीत ढेकळांमुळे कॉइल वरच राहते.

डिस्क्रिमिनेशन कमीच ठेवा. मोठ्या कॉइलखाली खिळा आणि नाणं एकदम येतात आणि खिळा नाण्याचा आवाज दाबतो. ६ इंची कॉइल लावा, संवेदनशीलता थोडी उतरवा, हात सावकाश फिरवा. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे. सुरुवातीला धातू नसलेल्या जागी कॉइल वर-खाली करून ग्राउंड बॅलन्स करा, नाहीतर माती स्वतःच वाजते.

एकाच बाजूने वाजलं तर काटकोनात फिरून पुन्हा ऐका. दोन्हीकडून एकाच जागी स्वच्छ सूर आला तर खणा. सरकत, तुटत आला तर बहुधा लोखंड. पण खिळ्याला चिकटलेलं नाणंही असंच वाजतं, म्हणून शंका आली तर खणलेलं बरं.

मातीचा_थर: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: थांबा. नांगराने ढवळलेल्या थराखाली नाणी लागायला लागली, तर ती ज्या भांड्यात वा पेटीत पुरली त्याचे अवशेष तिथेच असू शकतात. तुमच्याच सफोकमध्ये, हॉक्सनला १९९२ साली शोधणाऱ्याने खणणं थांबवून कळवलं. म्हणूनच पुरातत्त्वज्ञांना सुमारे १५ हजार रोमन नाण्यांबरोबर पेटीतली मांडणीही नोंदता आली. ती माहिती एकदा फावड्याने विस्कटली की गेलीच.

३०० वर्षांहून जुनी, किमान १० टक्के सोनं-चांदी असलेली दोन नाणी एकत्र मिळाली तरी १९९६ च्या ट्रेझर कायद्यात बसतात. तांब्या-पितळेची असतील तर दहा. १४ दिवसांत कॉरोनरला (अशा शोधांची चौकशी करणारा स्थानिक अधिकारी) कळवायचं. जिल्ह्याच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरकडून (लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तू नोंदवणारा अधिकारी) हे सोपं होतं. प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत, वर ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या जागेचा आकडा). आठ आकडी म्हणजे १० मीटरचा चौकोन, दहा आकडी म्हणजे १ मीटरचा. घासू नका, चोळू नका.

शेत शेड्यूल्ड मॉन्युमेंटच्या (कायद्याने संरक्षित पुरातन स्थळाच्या) हद्दीत नाही ना, हे आधी बघा. तिथे मालकाची परवानगी पुरत नाही.

सफोककर: आभार. हेच मशीन गावी आणून शिवराया शोधता येतील?

मातीचा_थर: कृपया नको. आपल्याकडे भारतात १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह (गुप्तधन) कायदा लागू आहे: जमिनीत दडलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावंच लागतं. शेत स्वतःचं असलं तरी. लपवलं तर शोधणाऱ्याचा वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नांगरताना वर आलं तर जागा खुणेने राखा, सोनाराकडे मुळीच नेऊ नका, आधी तहसील गाठा.