जळगाव-धुळ्याकडे राहून हाय-फाय स्पीकर: बनवायचे की विकत घ्यायचे?

तापीकाठ, जळगाव
माझं मत आधीच सांगतो, मग हाणा. खान्देशात राहणाऱ्या माणसाने हाय-फाय स्पीकर विकत घेऊ नयेत, बनवावेत. इथे चांगले स्पीकर ऐकायलाच मिळत नाहीत. दुकानात मांडलेले असतात ते साउंडबार आणि पार्टीचे लाइटवाले डबे. दोन चॅनलचं नीट काही ऐकायचं तर मुंबई नाहीतर पुणं गाठा, गालिचा अंथरलेल्या खोलीत अर्धा तास ऐका आणि तो माल आपल्या दहा बाय बाराच्या, वर स्लॅब खाली फरशी अशा खोलीत आणून लावा. तिथला आवाज तिथेच राहतो.

उलट बनवायला लागतं ते सगळं इथे आहे. 18 मिमी प्लाय आहे, काटकोनात कापून देणारा सुतार आहे, आणि ठिबकच्या गावात पीव्हीसी पाईप मिळत नाही असं कोणी म्हणू नये. खोक्याचं गणित तर नेव्हिल थील यांनी ऑस्ट्रेलियात 1961 मध्ये आणि त्यांच्यामागून रिचर्ड स्मॉल यांनी 1970च्या दशकात मांडून ठेवलंय. ड्रायव्हरच्या (म्हणजे आवाज काढणाऱ्या गोल युनिटच्या) कागदावरचे एफएस (तो स्वतःहून कुठल्या फ्रिक्वेन्सीला घुमतो), क्यूटीएस (ते घुमणं किती आवरलेलं आहे) आणि व्हीएएस (त्याच्याइतकी लवचिक हवा किती लिटर) हे तीन आकडे विनआयएसडी या फुकट प्रोग्रॅमात टाकले की खोका किती लिटरचा, पोर्ट (खोक्यातल्या हवेला बाहेर जायचा पाईप) किती लांब, लगेच समोर येतं.

माझा बेत: साडेसहा इंची वूफर (खालच्या आवाजाचा ड्रायव्हर), एक इंची सिल्क डोम ट्विटर (वरच्या आवाजाचा), 20 लिटरचा खोका 45 हर्ट्झला ट्यून केलेला, म्हणजे पोर्टमधली हवा त्या फ्रिक्वेन्सीला घुमेल असा. त्याला आतून 5 सेंमी व्यासाचा पाईप साधारण 11 सेंमी लांब लागतो. क्रॉसओव्हर, म्हणजे खालचा आवाज वूफरला आणि वरचा ट्विटरला वाटून देणारं सर्किट, 3000 हर्ट्झचा तयार बोर्ड. मी ऐकतो शास्त्रीय आणि जुनी गाणी. तानपुरा काळी एकला लावला तर खर्जाची तार 69 हर्ट्झच्या आसपास येते. त्याच्या फार खालचं मला नकोच आहे. आता बोला.

जंक्शन, भुसावळ
खोक्याबद्दल लिहिलंत ते सगळं मान्य. पण क्रॉसओव्हर तयार घेणार म्हणालात तिथे सगळं पाण्यात गेलं.

तो बोर्ड बनवणारा धरून चालतो की समोरचा ड्रायव्हर सगळ्या फ्रिक्वेन्सींना 8 ओहमच दाखवणार. त्या हिशोबाने 3000 हर्ट्झला वूफरसाठी 0.42 मिलिहेन्रीची कॉईल आणि ट्विटरसाठी 6.6 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर निघतो. पुस्तकात छान. पण वूफरचा इम्पिडन्स (ओहममधला तो विरोध) वरच्या पट्टीत चढत जातो, त्यामुळे ती कॉईल त्याला जिथे तोडायला हवी तिथे तोडतच नाही. ट्विटर बहुतेक वेळा वूफरपेक्षा तीन-चार डेसिबल मोठ्याने बोलतो, त्याला रेझिस्टर लावून खाली आणावं लागतं. किती खाली, हे बोर्डाला कुठून कळणार?

पुढचं ऐका. पुढची फळी 20 सेंमी रुंद असेल तर साधारण 575 हर्ट्झच्या खाली आवाज खोक्याला वळसा घालून मागे जायला लागतो. हिशोबाने 6 डेसिबलपर्यंतची घट. ती क्रॉसओव्हरमध्येच भरून काढायची असते, नाहीतर गायकाचा आवाज पातळ, नाकातला येतो. आणि साडेसहा इंची कोन 2500 हर्ट्झच्या वर टॉर्चसारखा सरळ रेषेत फेकतो, म्हणजे 3000 आधीच उशिरा झाला. तोड खाली आणायची तर ट्विटरने ते पेललं पाहिजे. त्याचा एफएस 1500 असेल तर नाही पेलणार.

हे सगळं बघायला माइक लागतो, मोजणी लागते. ते करायचं नसेल तर सरळ विकत घ्या. चांगली कंपनी पैसे घेते ते लाकडाचे नव्हेत, याचे.

सातपुडा_साग, तळोदा
प्लाय कशाला? जुनं घर पाडलं की सागाच्या तुळया मिळतात. त्या चिरून घ्या, नाद बघा कसा येतो.

जंक्शन, भुसावळ
नादच नकोय. तंबोऱ्याच्या भोपळ्याने गायचं असतं, स्पीकरच्या खोक्याने गप्प बसायचं असतं.

सातपुडा_साग, तळोदा
मग बीबीसीचा एलएस3/5ए हा छोटा स्पीकर? तो काही जाडजूड दगडी नव्हता. पातळ बर्च प्लायचा, जेमतेम पाच लिटरचा, आणि पन्नास वर्षं लोक त्याच्यामागे वेडे आहेत. पातळ फळी वाईटच असते असं नाही ना?

जंक्शन, भुसावळ
पातळ होती, पण आतून डांबरी पट्ट्या चिकटवून तिची कंपनं मारलेली होती. ओबी व्हॅनमध्ये (बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाडीत) निवेदकाचा आवाज तपासायला बनवलेला स्पीकर तो. केईएफचा बी110 वूफर आणि टी27 ट्विटर, आणि एवढ्याशा खोक्यात भागांची गर्दी असलेला क्रॉसओव्हर. बीबीसीच्या इंजिनिअरांनी डोकं कुठे खर्च केलं ते बघा. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं निघालं.

अमळनेरी_भाऊ
भाऊसहोन, जरा मन्हं बी ऐका. मी लग्नाच्या डीजेचे बेस आणि टॉप (खालच्या आणि वरच्या आवाजाचे डबे) बनवतो. तुमच्या त्या बोर्डावर आमचे टॉप चार-चार सीझन वाजतात, नवरदेव पण खूश, वऱ्हाडी पण खूश. एका वॅटला एक मीटरवर मोजलं तर तुमचा साडेसहा इंची 87 डेसिबलचा, आमचा पंधरा इंची 97चा. दहा डेसिबलचा फरक म्हणजे तुमच्या 100 वॅटला जे वाजतं ते आमच्या 10 वॅटला वाजतं. एवढी मोजणी कशाला पाहिजे?

बाकी सुतारकामाचं सांगतो ते लिहून घ्या. सगळ्या फळ्या एकाच सेटिंगवर पॅनल सॉवर कापून आणा; घरी हाताने कापल्या की कोपऱ्यात फट राहते आणि हवा फुसफुसते. वूफरचं भोक जिगसॉने नको, राऊटरने करा. आतल्या सगळ्या सांध्यांना सिलिकॉन फिरवा. मधोमध एक आडवी पट्टी द्या, बाजूच्या फळ्या पोटासारख्या हलायच्या थांबतात.

जंक्शन, भुसावळ
सुतारकामाचं शंभर टक्के पटलं. बाकी वरातीत नाचणारा माणूस तानपुऱ्याची तार सुरात आहे का ते बघत नाही, भाऊ.

अमळनेरी_भाऊ
ते बी खरं शे.

गोधडी, चाळीसगाव
मी दोन जोड्या बनवल्यात, म्हणून तापीकाठ यांच्या बाजूने असायला हवी होते. पण नाही, आणि जंक्शन यांच्या बाजूनेही नाही.

बनवा जरूर. फक्त डिझाइन स्वतःचं करू नका. मोजून, तपासून लोकांसमोर ठेवलेली डिझाइन्स भरपूर आहेत, त्यांतलं एक उचला आणि जसंच्या तसं करा. जसंच्या तसं म्हणजे तोच ड्रायव्हर, तीच फळीची रुंदी, ट्विटर-वूफरमधलं तेवढंच अंतर, तेच क्रॉसओव्हरचे भाग. खोक्याची मागची लांबी कमी-जास्त करून लिटर राखता येतात, पण रुंदीला हात लावू नका. ते 575 हर्ट्झचं गणित रुंदीवरच चालतं. आपल्याकडे काय होतं, की वूफर मिळाला नाही म्हणून 'तसाच दुसरा' घेतला जातो. तसाच दुसरा नसतो. दोघांच्या कागदावर साडेसहा इंच आणि 8 ओहम लिहिलेलं असलं तरी.

आता राहायची खोली. तापीकाठ, तुमची खोली बारा फूट लांब असेल तर 47 हर्ट्झला आणि दहा फूट रुंदीमुळे 56 हर्ट्झला आवाज साचणार. तुम्ही पोर्ट 45ला ट्यून करताय, म्हणजे खोली जिथे आधीच फुगवते तिथेच आणखी हवा भरताय. तुमच्या तानपुऱ्यासाठी पोर्ट नसलेला बंद खोका जास्त शोभेल. बंद खोक्याचा बास 12 डेसिबल दर सप्तकाला असा सावकाश उतरतो, पोर्टवाल्याचा ट्यूनिंगखाली 24ने कोसळतो. सावकाश उतरणाऱ्याला खोलीचा फुगवटा हात देतो. समोरच्या भिंतीला गोधडी टांगली, खाली जाड सतरंजी टाकली तर गायकाच्या आवाजात पडणारा फरक कुठल्याही महागड्या वायरीत मिळणार नाही. बासला मात्र गोधडी काही करत नाही, ते आधीच सांगते.

आणि सागवाले दादा, आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत, त्यात दुपारभर कूलरची दमट हवा समोरून. अस्सल लाकूड त्या ओढाताणीत सांध्याला उकलतं. एमडीएफची कच्ची कड ओल पिऊन फुगते. चांगला प्लाय घ्या, वरून सागाचं विनिअर लावा, डोळ्यांनाही बरं.

सातपुडा_साग, तळोदा
विनिअर म्हणजे शेवटी कागदच. पण ठीक.

शेवभाजी_तिखट, नंदुरबार
कूलरचा विषय निघालाच आहे तर सांगतो, वर्षातले तीन-चार महिने त्याच्या घरघरीत तुमचं हाय-फाय ऐकू येणार तरी आहे का? पाच इंची ॲक्टिव्ह स्टुडिओ मॉनिटर घ्या. ॲम्प आत, क्रॉसओव्हर आत, कंपनीने मोजून दिलेला. सोल्डरचा धूर नाही, सुताराच्या दारात खेपा नाहीत.

तापीकाठ, जळगाव
ॲक्टिव्ह मॉनिटर घेतला आणि आतलं ॲम्पचं बोर्ड व्होल्टेजच्या झटक्याने गेलं की दुरुस्तीला कुठे पाठवणार? माझा वूफर गेला तर मी चार स्क्रू काढून दुसरा लावीन. 'तोच', गोधडीताई, 'तसाच दुसरा' नाही.

बंद खोक्याचं पटतंय. क्यूटीएस 0.4च्या आसपासचा वूफर शोधतो. मग आत भरायला कापूस चालेल का? आपल्याकडे त्याला काय तोटा, पिंजारी पिंजून देईल.

गोधडी, चाळीसगाव
कापूस वाईट नाही. दाबून नका भरू, सैल ठेवा. भरलेल्या खोक्यात हवेचं दाबणं-सुटणं थोडं थंडावतं, म्हणून खोका आहे त्यापेक्षा जरा मोठा असल्यासारखा वागतो. अडचण एवढीच की कापूस वर्ष-दोन वर्षांत खाली बसतो आणि किडे धरतो. जाळीच्या कापडाची पिशवी शिवून तिच्यात भरा, नाहीतर गादीवाल्याकडून पॉलिस्टरचा फायबर घ्या.

शेवभाजी_तिखट, नंदुरबार
आणि मेमधल्या 45 डिग्रीत तुमचं ट्यूनिंग बदलणार ते?

जंक्शन, भुसावळ
बदलतं. आवाजाचा वेग 20 डिग्रीला सेकंदाला 343 मीटर, 45ला 358 च्या आसपास. सव्वाचार टक्के. 45 हर्ट्झचा पोर्ट 47वर जाईल. एवढ्याने कोणी स्पीकर विकत नाही. बंद खोक्यात तर तो प्रश्नच नाही.

तापीकाठ, तयार डिझाइन जसंच्या तसं करणार असाल तर माझा विरोध अर्धा मागे. पूर्ण नाही, कारण डिझाइन बरोबर असलं तरी जोडणी बरोबर झाली का, ट्विटर उलटा तर लागला नाही ना, हे कानाने कळत नाही. मापलेला यूएसबी माइक माझ्याकडे आहे, रूम ईक्यू विझार्ड हा मोजणीचा प्रोग्रॅम फुकट आहे. पण खोलीत मोजायचं तर छत आणि फरशीवरून येणारा परतीचा आवाज साधारण 6 मिलिसेकंदांत पोचतो, मग 160 हर्ट्झच्या खालचा आलेख विसरा. त्यापेक्षा रात्री गच्चीवर, उंच स्टुलावर ठेवून मोजू.

तापीकाठ, जळगाव
गच्चीवर रात्री अकराला 20 हर्ट्झपासून चढत जाणारा शिट्टीसारखा स्वीप वाजवला तर शेजारचे आबा काठी घेऊन येतील. माझ्या भावाचं शेत आहे, कापूस वेचून झाला की मोकळंच असतं. तिथे विजेचा प्रश्न आहे, ॲम्पला इन्व्हर्टर लागेल.

जंक्शन, भुसावळ
इन्व्हर्टरची घरघर मोजणीत येईल. लांब ठेवा, लांब वायर आणा. आणि तोवर क्रॉसओव्हर बोर्ड विकत घेऊ नका, घेतला असेल तर अमळनेरच्या भाऊंना देऊन टाका.

अमळनेरी_भाऊ
द्या. टॉपला लावतो.