स्विंग स्टेटचे पोल आले की तुमच्या घरी काय होतं?

जास्वंद :
लेकीला कॉलेजात स्टॅटिस्टिक्सचा गृहपाठ आलाय. २०१६ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक, विस्कॉन्सिन, म्हणजे आमचं स्विंग स्टेट (कधी या पक्षाकडे, कधी त्या). मार्क्वेट लॉ स्कूलच्या शेवटच्या पोलमध्ये (जनमत चाचणीत) हिलरी क्लिंटन ४६ टक्के, ट्रम्प ४०. निकालात ट्रम्प २२,७४८ मतांनी पुढे. कुठे काय हुकलं ते शोधा. ती म्हणाली, "आई, तू तेव्हा इथेच होतीस ना, काही आठवतं का गं?" न आठवायला काय झालं! गॅस बंद केला आणि तिच्याशी बोलत बसले.

मार्क्वेट आमच्या मिलवॉकीतलंच, त्यामुळे इथे त्यांच्या पोलला घरच्या वैद्याचा मान. तेव्हा माझं ग्रीन कार्ड होतं, मताचा हक्क नव्हता. त्यामुळेच की काय, आकड्यांचं वेड जास्त. सकाळी डबे भरताना एका हातात पोळी, दुसऱ्या हातात फोन. सहाची आघाडी बघून ऑफिसात सगळे निवांत. पण शनिवारी मुलीला सॉकरला न्यायचो, तेव्हा गावाबाहेर पडलं की मक्याच्या कापलेल्या शेतांच्या कडेने ट्रम्पच्या पाट्याच पाट्या. काही हाताने रंगवलेल्या, कोठाराच्या अख्ख्या भिंतीएवढ्या. क्लिंटनबाई तर प्रायमरीनंतर (पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानानंतर) विस्कॉन्सिनला फिरकल्याच नव्हत्या. मी नवऱ्याला म्हटलं होतं, अरे, हा सहाचा आकडा या रस्त्याने आलेला दिसत नाही.

२०२० ला ऑक्टोबरच्या शेवटी एका मोठ्या पोलने इथे बायडन १७ टक्क्यांनी पुढे दाखवले. सतरा! जिंकले २०,६८२ मतांनी. २०२४ ला ट्रम्प २९,३९७ मतांनी. तिन्ही वेळा फरक एक टक्क्याच्या आत, आणि तिन्ही वेळा आमच्या घराची झोप उडालेली. तुमच्याकडे काय व्हायचं? स्विंग स्टेटमधले, बाहेरचे, भारतातले, सगळे लिहा.

गवतीचहा :
बक्स काउंटी, पेनसिल्व्हेनिया. आता काय काय सांगू?

२०२४ चा ऑक्टोबर. टपालपेटी रोज गच्च. चकचकीत जाड कार्डं, याने हे केलं, तिने ते केलं. सासूबाई सांगलीहून आल्या होत्या, त्यांना एवढा चांगला कागद फेकवेना. फडताळात सगळीकडे तीच कार्डं अंथरली त्यांनी. दिवाळीत चिवड्याचा डबा उचलला की खाली कमला हॅरिस, शंकरपाळ्यांचा उचलला की ट्रम्प.

आणि पोल? ४८-४८, ४७-४७, ४९-४८. उद्या काहीतरी वेगळं येईल म्हणून बघायचं आणि पुन्हा तेच. १९ इलेक्टोरल मतं (राष्ट्राध्यक्ष ठरवणारी राज्यांची मतं) आमच्याकडे, सातही स्विंग स्टेट्समध्ये सगळ्यात जास्त. अख्खा देश आमच्याकडे बघतोय आणि आम्हालाच काही कळत नाहीये. नवऱ्याचं बीपी वाढलं. खरंच वाढलं, डॉक्टरांनी रात्रीच्या बातम्या बंद करायला लावल्या.

माळरान :
नेवाडा. ६ मतं. जाहिराती बघितल्यात तर साठ वाटतील.

दशांशचिन्ह :
माझं पोट सर्वेक्षणांवरच चालतं (साबण, बिस्किटं वगैरे, राजकीय नाही), त्यामुळे राहवत नाही.

पोलखाली ± ३.५ लिहिलेलं असतं (आकडा किती इकडेतिकडे चुकू शकतो ते), ते एकेका उमेदवाराच्या टक्क्याला. दोघांमधल्या अंतराला ते जवळपास दुप्पट धरायचं. म्हणजे "२ ने पुढे" हा माणूस ५ ने मागेही असू शकतो आणि ९ ने पुढेही. टीव्हीवर हे कोणी सांगत नाही, त्याचा मला फार त्रास होतो.

जास्वंद, लेकीला सांगा, २०१६ ला पदवीधर लोक पोलना जास्त उत्तरं देत होते आणि बऱ्याच राज्यांच्या पोलमध्ये शिक्षणाप्रमाणे वजन दिलेलं नव्हतं (म्हणजे जास्त आलेल्यांची उत्तरं कमी धरून हिशेब सारखा केला नव्हता). त्यात विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनियात अगदी शेवटच्या आठवड्यात ठरवणारे ट्रम्पकडे जास्त वळले. पोलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेनेच पुढे तपास करून हे मांडलंय, अहवाल मिळेल तिला.

गवतीचहा, सगळीकडे ४८-४८ येणं हेच संशयास्पद. लढत खरोखर बरोबरीची असली तरी आकडे चार इकडे, पाच तिकडे उडायला हवेत. सगळे एकाच जागी येऊन बसले म्हणजे वेगळा आकडा छापायला कोणीतरी घाबरतंय. पोलच्या आकड्यांचे विश्लेषक नेट सिल्व्हर २०२४ च्या शेवटी हेच कळकळीने लिहीत होते.

माळरान :
आमच्याकडे एका पोलवालीने फोनवर वीस मिनिटं घेतली. दूध उतू गेलं.

दशांशचिन्ह :
तिला वीस मिनिटं दिलीत, तुमचं भलं होवो. शंभर फोन लावले तर एखाद-दोघंच बोलतात हो.

अबोली :
आयोवा आता स्विंग स्टेट राहिलेलं नाही, पण पाडव्याची गोष्ट सांगतेच. २ नोव्हेंबर २०२४, डी मॉइन. ओवाळून झालं, ताटं वाढली आणि सगळ्यांचे फोन एकदम वाजले. इथल्या डी मॉइन रजिस्टर पेपरसाठी पोल करणाऱ्या ॲन सेल्झर यांचा शेवटचा पोल : हॅरिस ४७, ट्रम्प ४४. आयोवात!

इथे त्यांच्या आकड्याला किती वजन होतं ते बाहेरच्यांना नाही कळायचं. २०१६ ला बाकीचे चाचपडत होते तेव्हा बाईंनी ट्रम्प ७ ने पुढे सांगितलं होतं. २०२० ला पुन्हा ७, जिंकले ८ ने. त्यामुळे पंगतीत तिथल्या तिथे दोन तट. एक मैत्रीण रडायलाच लागली आनंदाने. समोरचे काका ताटावरून उठून बाहेर फोनवर गेले, थंडीत, कोट न घालता. बासुंदी तशीच राहिली. मंगळवारी ट्रम्प १३ ने जिंकले.

लोक अजून सेल्झरबाईंना हसतात, मला नाही आवडत. आलेला आकडा त्यांनी जसाच्या तसा छापला, शेजाऱ्यांचे आकडे बघून वळवून घेतला नाही. वर दशांशचिन्ह म्हणतायत तेच. पुढे ट्रम्पनी त्यांना आणि पेपरला कोर्टात खेचलं. वाईट वाटलं.

पारवा :
बासुंदी डब्यातल्या दुधाची की आटवून?

अबोली :
आटवूनच. सकाळपासून ढवळत होते.

पारवा :
मग ती तशीच राहिली याचं जास्त वाईट वाटलं.

खडकवासला :
मी रिपब्लिकन, मत ट्रम्पना. इथे लिहावं की नाही, कालपासून विचार करत होतो.

फोर्सिथ काउंटी, जॉर्जिया. आमच्या मंडळात गृहीतच धरतात की सगळ्यांचं मत एक. नवा पोल आला की जेवताना चर्चा आणि मी गप्प भात कालवतोय. एकदा पोलवाल्यांचा फोन आला तेव्हा मात्र स्पष्ट सांगितलं. बायको ओट्यापाशी उभी होती, ती वळून बघतच राहिली. तिलाही तेव्हाच कळलं.

२०२० ला जॉर्जिया ११,७७९ मतांनी हातचं गेलं, तो आठवडा फार वाईट गेला. पण २०१६, २०२०, २०२४, तिन्ही वेळा पोलमध्ये ट्रम्पचा पाठिंबा कमीच भरला. म्हणतात की आमची माणसं लाजून खोटं बोलतात. मला नाही पटत. माझ्या गल्लीतले लोक अनोळखी नंबर उचलतच नाहीत, खोटं बोलणार कुठून?

गवतीचहा :
माझं मत अगदी उलट, पण लिहिलंत ते फार बरं केलंत. पुढच्या वेळी भात कालवताना बोला.

खडकवासला :
बोलतो ताई. धन्यवाद.

गोदाकाठ :
मी नाशिकचा, वय ७३. धाकटा चिरंजीव मिशिगनमध्ये, स्टर्लिंग हाइट्सला. निवृत्तीनंतर रात्री झोप लागत नाही, तेव्हा तिकडचे पोल वाचायची सवय जडली. फोन केला की तो म्हणतो, "बाबा, मॅकॉम्ब काउंटीचं मला नका विचारू, मी ऑफिसला निघालोय." सूनबाई मात्र सांगते, आज रस्त्यात कोणाच्या पाट्या दिसल्या ते.

आमच्या हिचं माहेर बेळगाव, त्यामुळे मूळ बेळगावच्या, तिकडे राजकारणात असलेल्या श्री ठाणेदारांची बातमी आली की पहिला फोन तिच्या भावाचा. डेट्रॉइटमधला त्यांचा मतदारसंघ डेमोक्रॅटांचा पक्का, तिथे पोलची धडधड नाही. पण २०१८ ला ते गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत उतरले तेव्हा आम्ही दोघं आकड्यांवर डोळे लावून असायचो. तिसरे आले. बेळगावात त्या दिवशी मेव्हण्याने जेवण सोडलं होतं.

मला एक कोडं आहे. आपल्याकडे मतदान संपायच्या आधीचे ४८ तास ओपिनियन पोल दाखवता येत नाहीत आणि शेवटचा टप्पा उरकल्याशिवाय एक्झिट पोलही नाहीत. तिकडे शेवटच्या दिवसापर्यंत नवा आकडा येतोच आहे. माणसाने शांतपणे विचार करायचा कधी? अर्थात आपलेही काय, ४ जून २०२४ ला पाहिलंच. ४०० चा गजर आणि भाजप २४० वर.

हिरवीमिरची :
केरी, नॉर्थ कॅरोलिना. एच-१बीवर आहे, ग्रीन कार्डाच्या रांगेत, मत नाही. तरी इथल्या मतदारांपेक्षा जास्त पोल मीच बघितले असतील. माझी नोकरी, बायकोचं एच-४ ईएडी (जोडीदाराचा कामाचा परवाना), सगळं त्या एका टक्क्यावर टांगलंय असं वाटायचं. बाळ लहान होतं. रात्री तीनला त्याला बाटली द्यायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पोलच्या सरासरीचं पान खाली ओढत राहायचं. बाळ झोपायचं, मी नाही.

२०२४ च्या सप्टेंबरच्या शेवटी हेलीन वादळाने ॲशव्हिलकडचे रस्ते, पूल, घरं वाहून नेली. आमच्या मंडळातून पाणी, डायपर, बॅटऱ्या पाठवल्या. आणि थोड्याच दिवसांत नॉर्थ कॅरोलिनाचा नवा पोल हजर. डोंगरात ना वीज ना सिग्नल. त्या लोकांना फोन लावला कोणी? मला प्रचंड राग आला होता, अजून येतो.

निकाल म्हणाल तर राष्ट्राध्यक्षपदाला ट्रम्प आणि गव्हर्नरला डेमोक्रॅट जॉश स्टाइन, एकाच मतपत्रिकेवर. ते मात्र पोलमध्ये आधीपासून दिसत होतं. जानेवारीत ट्रम्प पदावर आले त्या पहिल्याच दिवशी जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाविरुद्ध आदेश निघाला. कोर्टांनी रोखला, पण दुसऱ्या बाळाचा विषय आम्ही बाजूला ठेवला तो ठेवलाच.

जास्वंद :
हिरवीमिरची, वाचून गलबलून आलं रे. रांगेत आम्हीही वर्षानुवर्षं काढली. मंडळात एखादी मावशी गाठ, बाळाला तासभर सांभाळेल, तुम्ही दोघं झोपा जरा.

पारवा :
एच-४ ईएडी रिन्यूचं मलाही विचारायचंय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

हिरवीमिरची :
बघतो रात्री. जास्वंदताई, मावशी मिळाल्यात, सोलापूरच्या आहेत.

चिंचबन :
तुम्ही सगळे पोलचं बोलताय. आम्ही २००० साली टॅम्पात होतो, तिथे मतदान झाल्यावरसुद्धा कळेना! संध्याकाळी टीव्हीने फ्लोरिडा गोरना दिलं, मग काढून घेतलं. पहाटे बुशना दिलं, तेही काढून घेतलं. पुढे महिनाभर भिंगातून मतपत्रिकेची भोकं बघणारे लोक टीव्हीवर. शेवटी बुश जिंकले ५३७ मतांनी. साठ लाखांच्या आसपास मतदानात. नातीला सांगितलं तर तिला खरं वाटत नाही.

सायकलवाली :
एडिसनची मी. न्यू जर्सीला प्रचारात कुणी विचारत नाही, म्हणून २०२४ ला शनिवारी बसने पेनसिल्व्हेनियात जायचो, ईस्टनला, दारं ठोठावायला. नॉर्थॅम्प्टन काउंटी. २०१२ ओबामा, २०१६ ट्रम्प, २०२० बायडन, दरवेळी जिंकणाऱ्याबरोबर (२०२४ लाही तेच झालं).

एक गृहस्थ गॅरेजात गवत कापायचं मशीन उघडून बसले होते. हात कोपरापर्यंत काळे. म्हणाले, "आज तू चौथी. पोलवाल्यांचे फोन वेगळेच. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देतो. कुणी मला खिशात धरू नये." आणि आतून थंड पाण्याची बाटली आणून दिली. मी हॅरिसचं पत्रक पुढे केलं तर हात पुसून, नीट घडी करून खिशात ठेवलं. मत कोणाला दिलं असेल, देव जाणे. तेव्हापासून कुठलाही पोल आला की मला ते गॅरेज दिसतं आणि वाटतं, यातले कितीजण त्यांच्यासारखे? पण जायचं सोडणार नाही. पुन्हा जाणार.

माळरान :
पेनसिल्व्हेनियावाल्यांनो, २०२० ला तुम्ही शनिवारपर्यंत का लटकवलंत आम्हाला? आम्ही चार दिवस एकच नकाशा बघत होतो.

गवतीचहा :
आम्ही नाही, कायद्याने. इथे टपाली मतं निवडणुकीच्या दिवशी सकाळी ७ च्या आधी उघडताच येत नाहीत. त्या वर्षी करोनामुळे लाखोंनी टपाली. फिलाडेल्फियात बिचारे रात्रंदिवस पाकिटं फाडत होते. बरं, त्यावरून आठवलं, यंदा कोणी इथे पहिल्यांदा टपाली मत देणार असेल तर आतलं गुप्ततेचं पाकीट विसरू नका. मतपत्रिका आधी त्यात, मग बाहेरच्या पाकिटात, वर सही. नुसती घातली तर बाद.

सायकलवाली :
हे दरवाज्यावर सांगून सांगून घसा बसायचा. तरी लोक विसरतात.

पारवा :
माझी बहीण ॲलनटाउनला, आताच नागरिक झाली. तिला पाठवते हे. पेन कुठलं चालतं?

गवतीचहा :
काळं किंवा निळं. जेलचं नको म्हणावं, पसरतं.