मदत हवी आहे: सोनी ए७ थ्रीसाठी मॅक्रो लेन्स, लग्नातल्या अंगठ्या पण आणि कपाशीवरचे फुलकिडे पण

मंडळी नमस्कार, धागा जरा लांबणार आहे, आधीच माफी मागतो.

मी परभणी जिल्ह्यातला. लग्नसराईत फोटोग्राफी, बाकीचं वर्ष वडलांच्या हाताखाली शेती. कॅमेरा सोनी ए७ थ्री, सेकंडहँड घेतलेला, त्यावर २८-७० ची किट लेन्स, एक ५० एमएम एफ १.८ आणि एक ८५ एमएम एफ १.८. आता मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून बारीक वस्तू मोठी काढणारी लेन्स, घ्यायचीय आणि तीन महिने झाले नुसते रिव्ह्यू बघायलोय, जितकं बघावं तितका गुंता वाढायलाय. बजेट ६० हजार, लई ओढूनताणून ७०, त्याच्या वर घरात विषय काढायची सोय नाही कारण औंदा सोयाबीनचं काय झालं ते सगळ्यांना माहितीय.

लेन्स दोन कामांसाठी पाहिजे. पहिलं पोटाचं. अंगठ्या, जोडवी, मंगळसूत्राच्या वाट्या, मेंदीतलं लपवलेलं नाव, असले क्लोजअप आता प्रत्येक पार्टी मागते, मोबाईल पुढं करून म्हणते भाऊ असंच पायजे. माझी ५० एमएम ४५ सेंटिमीटरच्या आत फोकस घेत नाही, ८५ ला तर ८० सेंटिमीटर लागतात, मग अंगठी फ्रेममध्ये ज्वारीच्या दाण्याएवढी येते आणि मी घरी येऊन क्रॉप करत बसतो.

दुसरं काम हौसेचं, पण ते आता हौसेच्या पुढं गेलंय. गेल्या खरिपात शेजारच्या शेतातले काका कपाशीचं पान घेऊन आले. पानाच्या मागं केसाएवढ्या बारीक दांड्या आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला एक पांढरा ठिपका. म्हणे बुरशी पडली, काय मारू सांग, पंप भरूनच ठेवलाय. मला ते ओळखू आलं, क्रायसोपाची अंडी होती ती, म्हणजे ज्या किड्याची अळी मावा खाते त्याची, पण तोंडी सांगून काका ऐकतात होय. मोबाईलनं फोटो काढला तर नुसता हिरवा धुरळा. शेवटी ५० एमएम काढून उलटी केली, बॉडीच्या तोंडाला हातानं धरली, मेनूत जाऊन लेन्सशिवाय शटर चालू केलं आणि मागंपुढं झुलत चाळीसेक फोटो काढले, त्यातला एक बरा आला. काकांनी स्क्रीन जवळ घेऊन बघितली आणि म्हणाले, "हे तर रोडचे लाईटचे खांब दिसायलेत की रे." फवारणी राहिली ती राहिली. पण त्या उद्योगात सेन्सरवर एवढी धूळ गेली की पुढच्या लग्नात आभाळात सगळीकडं काळे ठिपके, ते पुसता पुसता माझी रात्र गेली. तवापासून उलटी लेन्स बंद.

आता मला जे समजलंय ते सांगतो, चुकलं तर कान धरा. १:१ म्हणजे वस्तू जेवढी तेवढीच सेन्सरवर पडणार. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ३६ मिलिमीटरची वस्तू फ्रेम आडवी भरून टाकणार. अंगठी साधारण २० मिलिमीटर, तिला १:१ सुद्धा लागत नाही, १:२ वर भागतं. पण फुलकिडा एक मिलिमीटरचा. माझ्या कॅमेऱ्याचे आडवे ६००० पिक्सेल भागिले ३६ केलं तर मिलिमीटरला १६५ च्या आसपास पिक्सेल येतात, म्हणजे १:१ वर अख्खा फुलकिडा १६५ पिक्सेलचा! तुडतुडा तीन मिलिमीटर धरला तर ५००. इथंच माझं घोडं अडलंय.

नजरेत असलेल्या लेन्स:

सोनी ९० एमएम एफ २.८ जी, २०१५ ची, लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हात हलला तर फोटो सावरायची सोय) आहे, फोकस रिंग मागं ओढली की थेट मॅन्युअल. नवी माझ्या बजेटबाहेर, जुनी मिळाली तरच. सिग्मा १०५ एमएम एफ २.८ आर्ट, २०२० ची, शार्पनेसला सगळे नावाजतात पण ७१५ ग्रॅम आणि स्टॅबिलायझेशन नाही. टॅमरॉन ९० एमएम एफ २.८, ही २०२४ ला आली, ६३० ग्रॅम, हिच्यातपण स्टॅबिलायझेशन नाही. आणि लाओवाची ९० एमएम, ही २:१ पर्यंत जाते म्हणजे फुलकिडा डबल, पण पूर्ण मॅन्युअल.

सेकंडहँडची मला धास्ती आहे. मागं एकदा एका ऑनलाइन विकणाऱ्याकडून लेन्स मागवली, फोटोत चकाचक, घरी आल्यावर टॉर्च मारून बघितलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. पैसे परत मिळायला दोन महिने फोन करायलो.

तर सांगा, लाओवा घेऊन लग्नात मॅन्युअल फोकस जमतं का? की १:१ वाली ऑटोफोकस घेऊन किड्यांचं काहीतरी जुगाड करू? आणि स्टॅबिलायझेशन नसल्यानं लई अडतं का?

जालना_बांधावरून

भाऊ, आधी स्टॅबिलायझेशनचं भूत उतरव. दुरून फोटो काढताना कॅमेरा डुलतो तो कोनात, ते बॉडीतलं स्टॅबिलायझेशन सावरतं. इतक्या जवळून कॅमेरा नुसता अर्धा मिलिमीटर वरखाली सरकला तरी फोटो गेला, तिथं त्याचा जोर कमी पडतो. आणि पान वाऱ्यानं हलतंय त्याला कुठलं स्टॅबिलायझेशन थांबवणार? मी दोन वर्षं किडे काढायलोय, सगळा खेळ फ्लॅशचा आहे. १:१ वर एफ ८ लावलं, म्हणजे लेन्सचं तोंड बारीक केलं, तरी जेमतेम एक मिलिमीटर जाडीचं फोकसमध्ये राहतं. त्यात जवळ गेल्यावर उजेड पण घटतो, १:१ वर एफ ८ चा उजेड एफ १६ एवढाच उरतो. म्हणून एफ २२ च्या नादी लागू नको, सगळं मऊ मऊ दिसतं. एफ ८ ते ११, शटर १/२००, आयएसओ २०० आणि फ्लॅश १/१६ वर. फ्लॅश कमी पॉवरला इतक्या कमी वेळात उडतो की हात हलला तरी फोटो गोठतो.

फ्लॅशच्या पुढं डिफ्यूजर मात्र पाहिजेच, नाहीतर ढालकिड्याच्या पाठीवर पांढरा डाग पडतो. मी तेलाचा पांढरा कॅन अर्धा कापून आत बटर पेपर लावलाय. बायको म्हणते कॅमेऱ्याला मुंडासं बांधलंय.

आणि वेळ सकाळची, दव असताना. किडे गारठलेले असतात, पळत नाहीत. जमिनीत एक काडी रोवायची आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं फांदी तिला धरायची. दुपारी वारं सुटल्यावर जाऊच नको.

नांदेड_स्टुडिओवाला

लग्नाचं मी सांगतो. अंगठी काही पळून जात नाही म्हणून मॅन्युअल चालेल असं मला पण वाटायचं. पण अंगठी पळत नाही, नवरी पळते ना! इकडं भटजी बोलावतेत, तिकडं मामा उभे, तुला मिळतात दोन मिनिटं आणि हॉलमधला उजेड तो कसला, निळ्या-जांभळ्या एलईडीचा. शिवाय ९०-१०५ ची लेन्स घेतलीच आहे तर तू तिच्यावर पोर्ट्रेट काढणार, हळदीत काढणार, तिथं ऑटोफोकस नसला तर हाताला घाम फुटतो. लाओवा चांगली लेन्स आहे, माझ्या दोस्ताकडं आहे, पण ती किड्यांसाठीच. पोटाचं काम आधी.

८५ एफ १.८ मात्र विकू नको, रात्रीच्या वरातीत एफ २.८ पुरत नाही.

धागाकर्ता

दोघांचे आभार. जालनेकर दादा, तेलाचा कॅन आजच कापला, आईनं शिव्या घातल्या.

अजून एक. वर्किंग डिस्टन्सचा, म्हणजे किड्यापासून किती लांब राहता येतं त्याचा, घोळ कळंना. सोनीच्या माहितीत जवळात जवळ २८ सेंटिमीटर लिहिलंय, सिग्माला २९.५ आणि टॅमरॉनला २३. पाच-सहा सेंटिमीटरनं एवढा काय फरक पडणार?

जालना_बांधावरून

लई पडतो. ते अंतर लेन्सच्या तोंडापासून नसतं, सेन्सरपासून असतं. कॅमेऱ्याच्या डोक्यावर गोलातून रेघ गेलेली खूण आहे बघ, तिथून मोजायचं. त्यातनं लेन्सची लांबी आणि माउंटचे १८ मिलिमीटर वजा कर. सोनीला १३ सेंटिमीटर उरतात, सिग्माला १४ च्या आसपास, टॅमरॉनला साडेआठ. साडेआठवर लेन्सची सावली पानावर पडते आणि तुडतुडा तर तिरका चालत पानाच्या मागं जातो, गेला की गेला. अंगठीला काही फरक पडत नाही, अंगठीला टॅमरॉन झकास.

सेलू_कृषी

मधेच बोलतो, फोटोग्राफीतलं मला घंटा कळत नाही, कृषी सेवा केंद्र आहे माझं. पण तुम्ही फुलकिडा १६५ पिक्सेल म्हणून रडायलात, तो मोठा करून भिंतीवर लावायचाय का शेतकऱ्याला दाखवायचाय? आमच्याकडं माणूस येतो तवा पहिला सवाल किडा कोणता आणि दुसरा सवाल पानाला किती. फुलकिडे पानाला १० झाले तर नुकसानीची पातळी धरतात, तुडतुडे २ ते ३. मग तुमचा तो ३६ बाय २४ मिलिमीटरचा तुकडा नीट दिसला तर किडे मोजता येतात की. दुप्पट मोठा काढला तर फोटोत दोनच किडे येणार, मोजणार काय? परत ग्रुपवर टाकला की व्हाट्सॲप फोटोचा चुरा करतंच, पाठवायचा तर डॉक्युमेंट करून पाठवा. आणि ओळखूच आला नाही तर तो फोटो परभणीला विद्यापीठातल्या कीटकशास्त्रवाल्यांना दाखवा.

धागाकर्ता

सेलूकर साहेब, तुम्ही तीन महिन्यांचा गुंता एका दमात सोडवला राव. २:१ चं खूळ डोक्यातनं गेलं. म्हणजे पूर्ण नाही गेलं, क्रायसोपाच्या अंड्यांसाठी थोडं उरलंय.

त्याच्यासाठी रेनॉक्स डीसीआर-२५० वाचलं, ८ डायॉप्टर ताकदीची छोटी भिंगाची चकती, चिमट्यासारखी लेन्सच्या तोंडाला बसते. ती ५२ ते ६७ एमएमच्या फिल्टर थ्रेडला (लेन्सच्या तोंडाच्या आट्यांना) बसते असं दिसतंय, सिग्माचा थ्रेड ६२ आणि टॅमरॉनचा ६७, म्हणजे दोन्हीला चालावी. १०० च्या आसपासच्या मॅक्रोवर लावली की मोठेपणा दुपटीच्या घरात जातो, अंतर मात्र अजून कमी होतं. कोणी वापरलीय का? कडेला फोटो मऊ पडतो का?

जालना_बांधावरून

माझ्याकडं आहे. कडा जरा मऊ पडतात, पण किडा मधे असतो, कडेला पानच असतं. टॅमरॉनवर लावशील तर किड्याच्या मिशीला भिंग टेकेल, आधीच साडेआठ आहेत. सिग्मावर लाव. आणि चिमट्याचे दोन्ही कान दाबूनच काढत जा, माझी एकदा हरभऱ्यात पडली, अर्धा तास रांगत होतो.

धागाकर्ता

मग सिग्मा १०५ च्या बाजूला झुकलोय. बजेटच्या टोकाला जाते, पण पावसाळ्यानंतर मिळालेल्या दोन ऑर्डरींचा ॲडव्हान्स आलाय. फक्त ७१५ ग्रॅम हातात धरून बघितल्याशिवाय पैसे टाकणार नाही, लग्नात सकाळी सहापासून रात्री बारापर्यंत गळ्यात असते ती. येत्या शनिवारी छत्रपती संभाजीनगरला जायलोय, मोंढ्यात काम आहे, दुपारपर्यंत मोकळा होईन. तिकडच्या कोणाकडं ई माउंटची (सोनीला बसणारी) सिग्मा १०५ असेल तर दहा मिनिटं द्या, माझी बॉडी मी आणतो. चहा माझ्याकडून, आणि हुरड्याला बोलावतो ते वेगळं.