मॉनिटर घ्यायचाय: रुंदी बघू की उंची?

शिवणटीप
सतरा वर्षं साथ दिलेला १९ इंची चौकोनी मॉनिटर परवा गेला. दुकानात गेले तर विक्रेता थेट ३४ इंची, कमानीसारख्या वळलेल्या पडद्यापाशी घेऊन गेला. "मॅडम, हल्ली सगळे वाइडच घेतात." तेवढं परवडत नसेल तर शेजारी २९ इंची होताच. मी पर्समधून शिवणाची टेप काढली (हसू नका). २९ इंचीची उंची साडेअठ्ठावीस सेंटिमीटर. घरी येऊन बंद पडलेला जुना मॉनिटर मोजला, तर तीस! म्हणजे दहा इंच जास्त घ्यायचे आणि उंची दीड सेंटिमीटर घालवायची. इंच मोजतात ते तिरके, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. पडदा जितका आडवा ताणाल तितकी त्याच इंचांत उंची कमी.

मी घरी मुद्रितशोधन करते. ए४ पान २९.७ सेंमी उंच असतं, जुन्यावर ते मूळ आकारात जेमतेम मावायचं. माझं मत सरळ आहे: लिहिणाऱ्या-वाचणाऱ्याला उंची लागते, हे रुंद पडदे सिनेमे बघणाऱ्यांसाठी. पटत नसेल तर भांडा.

पानजुळणी
भांडतो. ताई, तुम्ही २९ इंचीचा राग ३४ वर काढताय. २९ इंची रुंद पडदा म्हणजे पत्र्याची पट्टी, त्याला माझाही विरोध. पण ३४ ची उंची सव्वातेहतीस आहे आणि रुंदी ८० सेंमी. मी दिवाळी अंकांची पानं लावतो. ए४ चं जोडपान ४२ सेंमी, शेजारी लेखकाची मूळ फाइल २१. झाले ६३. उरलेल्या १७ सेंमीत सगळी पॅलेट्स (सॉफ्टवेअरच्या अवजारांच्या छोट्या चौकटी). कुठलीच खिडकी कुठल्याच खिडकीखाली दडत नाही. मूळ प्रत आणि प्रूफ शेजारी-शेजारी ठेवायला तुम्हालाही हेच लागतं, फक्त इतकी वर्षं मिळालं नाही म्हणून सवय नाही.

कोपऱ्यातलं टेबल
८० सेंमी! आमच्या वन बीएचकेत टेबलच ९० बाय ४५ आहे. त्या वळलेल्या पडद्याचे पाय पुढे इतके येतात की कीबोर्ड मांडीवर घ्यावा लागेल आणि नाक पडद्याला टेकेल. पडदा हातभर तरी लांब हवा, नाहीतर डाव्या टोकाकडून उजव्या टोकाकडे मान फिरवत बसा, टेनिसची मॅच बघितल्यासारखी.

मॅचवरून आठवलं. क्रिकेट ३४ इंचीवर लावलंत तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे, आणि मधलं चित्र २७ इंचीवर दिसतं तेवढंच. पट्ट्यांचे पैसे कशाला द्यायचे?

पानजुळणी
मॅच बघायला टीव्ही आहे की.

कोपऱ्यातलं टेबल
तुमच्याकडे असेल. आमच्याकडे रिमोट आईकडे असतो.

अनुस्वार
दोघंही सेंटिमीटर मोजताय, ठिपके (पिक्सेल) कोण मोजणार? २७ इंची पडदा १९२० बाय १०८० चा घेतलात तर इंचाला ८२ ठिपके पडतात. ताईंच्या जुन्या १९ इंचीवर ८६ होते! म्हणजे नव्यावरची अक्षरं जुन्यापेक्षा जाडीभरडी दिसणार. इंग्रजीला ते चालून जातं. आपल्या 'ष्ट्र' आणि 'द्ध्य'ला नाही चालत, लहान टायपात त्यांचा गोळा होतो. मुद्रितशोधनात 'द्ध' की 'ध्द' हेच बघायचं असतं ना? २७ इंचीच घ्या, पण २५६० बाय १४४० चा, इंचाला १०९. पानजुळणींचा ३४ इंचीही ३४४० बाय १४४० असेल तर जवळपास तेवढाच भरतो, त्याबाबत तक्रार नाही. दुकानातल्या पाटीवर 'फुल एचडी' (म्हणजे तेच १९२० बाय १०८०) एवढंच मोठ्या अक्षरात असतं, त्याला भुलू नका.

दोन खिडक्या
मला हा सगळा वादच पटत नाही. दोन २४ इंची घ्या, त्यातला एक उभा फिरवा. उभा केल्यावर उंची ५३ सेंमी! अख्खं पान, वर टूलबार आणि खाली जागा शिल्लक. मात्र स्वस्त मॉनिटरचा स्टँड फक्त पुढे-मागे कलतो, फिरत नाही. मागे चार भोकं (१०० मिमी चौरसातली) असतील तर वेगळा आर्म (टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळायचा, मॉनिटर धरणारा दांडा) बसवता येतो. आणि पॅनल (आतला पडदा) आयपीएस जातीचं बघा, टीएन जातीचं उभं केलं की बाजूने रंग बदलतात.

पानजुळणी
अंधारात सिनेमा बघायचा तर आयपीएसपेक्षा व्हीए जातीचं पॅनल बरं, काळा रंग काळा दिसतो. पण दिवसा अक्षरं वाचायला आयपीएस, मान्य. दोन पडद्यांची खरी अडचण मधली चौकट. नेमकी नाकासमोर येते.

कोपऱ्यातलं टेबल
आणि आर्मचा क्लॅम्प काचेच्या टेबलावर लावू नका. कसं कळलं ते विचारू नका.

हिशेबनीस
किमतीबद्दल एक भर. ३२ इंचाच्या वर २८ टक्के जीएसटी होता, म्हणून मोठा मॉनिटर मुळातच महाग पडायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही १८ टक्के झाला, त्यामुळे जुन्या किमती डोक्यात ठेवून ३४ ला नाही म्हणू नका. मी एक्सेलवाला, मला बारा महिने एका ओळीत दिसतात, यापरतं सुख नाही. त्रास एकच. मीटिंगमध्ये अख्खा स्क्रीन शेअर केला की लॅपटॉपवाल्यांना मुंग्या दिसतात. एकच खिडकी शेअर करायची.

शिवणटीप
मत अर्धं मागे घेते. २९ इंचीला शिव्या कायम, ३४ ला माफी. पण माझं टेबल म्हणजे शिलाई मशीनच, झाकण लावलेलं, आणि ते काही ३४ पेलणार नाही. शनिवारी ए४ चा छापील कागद घेऊन दुकानात जाते आणि २७ इंचीवर धरून बघते.

अनुस्वार
कागदावर आठ पॉइंटात 'राष्ट्र', 'वृद्ध्यर्थ' छापून न्या. आणि तीच फाइल पेन ड्राइव्हवर.

कोपऱ्यातलं टेबल
विक्रेत्याला आधी फोन करून ठेवा. बिचारा टेप बघूनच घाबरला असेल.