काकांच्या केमोसोबत पेम्ब्रो जोडायचं का? घर विकून?

मल्हारगंजकर: काकांना फुप्फुसाचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा (कॅन्सरचा एक प्रकार), चौथी स्टेज. केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब (पेम्ब्रो) हे इंजेक्शन सांगितलंय: 200 मिलिग्रॅम, म्हणजे दोन वायल, दर तीन आठवड्यांनी, दोन वर्षांपर्यंत. आयुष्मानचे 5 लाख कुठे पुरणार? चुलतभाऊ रामबागेतलं घर विकायला निघालाय, बयाणाही घेतला. माझं मत, नुसती केमो द्यावी. बोला.

राजेंद्रनगरची ताई: साफ चूक. 2018 ची कीनोट-189 चाचणी याच आजारावरची. नुसत्या केमोवर मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) 10.6 महिने, जोडीला पेम्ब्रो दिलं तर 22. केमोवाल्यांपैकी बऱ्याच जणांना पुढे हेच औषध मिळालं, तरी एवढा फरक!

जुना केमिस्ट: 2006 मध्ये केमोला जोडलेल्या बेव्हॅसिझुमॅब या औषधाचाही असाच गाजावाजा होता. 10.3 चे 12.3 महिने झाले, आणि काहींना खोकल्यातून रक्त. तुमच्या चाचणीत पाच वर्षांनी हयात पेम्ब्रो जोडलेले 19.4 टक्के, नुसत्या केमोवर 11.3. शंभरात आठ जण वाढले. बाकीच्यांची घरं गेली त्याचं काय?

राजेंद्रनगरची ताई: बेव्हॅसिझुमॅब गाठीच्या रक्तवाहिन्या रोखतं, पेम्ब्रो प्रतिकारशक्तीला मोकळं करतं. दोन्ही अँटिबॉडी, म्हणून एकाच मापाने मोजायची का? आणि ते आठ जण तुमच्या घरातले असले तर?

लॅबवाला: भांडण नंतर. ईजीएफआर, एएलके (गाठीतले जनुकीय बदल) तपासलं का? त्या चाचणीत हे बदल असलेले रुग्ण घेतलेच नव्हते. विडी-सिगरेट न ओढणाऱ्यांत ईजीएफआर बरंच सापडतं, मग उपचाराचा कणा त्या बदलावरची गोळी. टाटाच्या चाचणीत गेफिटिनिब या अशा गोळीसोबत केमो दिली तेव्हा आजार 16 महिने आटोक्यात राहिला, नुसत्या गोळीवर 8. घाईने आधी पेम्ब्रो दिलं आणि मागून ओसिमर्टिनिब ही ईजीएफआरवरची गोळी, तर फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक लॅबकडून मागून घ्या. पीडी-एल1 (पेम्ब्रो कितपत लागू पडेल याचा अंदाज देणारी तपासणी) पण त्यातूनच होईल.

मल्हारगंजकर: फाइलीत फक्त बायोप्सीचा कागद आहे. काकांनी विडीला हात लावलेला नाही.

जुना केमिस्ट: टाटाचाच 20 मिलिग्रॅम निवोलुमॅबचा (पेम्ब्रोसारखंच औषध) स्वस्त डोस विचारा की.

राजेंद्रनगरची ताई: ती चाचणी तोंडा-घशाच्या कॅन्सरची, दादा. फुप्फुसाला तशीच लावू नका.

मल्हारगंजकर: ब्लॉक उद्या आणतो. पण काकांना धाप लागते, तोवर थांबायचं?

लॅबवाला: डॉक्टरांना विचारा. अशा वेळी नुसती केमो सुरू करून रिपोर्ट आल्यावर पुढच्या सायकलपासून पेम्ब्रो जोडतात.

मल्हारगंजकर: मग बयाणा परत करायला सांगतो. ईजीएफआर-एएलके निगेटिव्ह आलं तर ताई, पुन्हा भांडू. माझं मत बदललेलं नाही.